सातनंबरचा ठोका

दुधात पाणी आहे का हे बघायला थेंब नखावर घेऊन बघणारी माणसं पुष्कळ असतात. पण दूध सासूबाईंनी आणलेलं, सासूबाई समोर बसलेल्या, आणि तरी थेंब नखावर घेऊन उजेडाकडे धरणारा जावई हा एकच. सासूबाईंनी त्या दिवशी चहाला हात लावला नाही. जावईबापूंना त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

कारखान्यात त्यांना सगळे सातनंबर म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असे, आणि ते दर महिन्याला बरोबर लिहिलंय ना हे दोनदा वाचल्याशिवाय ते सही करत नसत. भाजीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की तराजूला हात न लावता उभा राहायचा, म्हणजे नंतर कटकट नको. लग्नातल्या अंगठ्यासुद्धा त्यांनी लग्नानंतर आठ दिवसांत तपासून घेतल्या होत्या. बायको जिभेची तिखट. ती म्हणायची, "सगळं बघून झालं हो तुमचं. लग्नात मी हसले ते खरं होतं का, तेवढं भिंगातून बघायचं राहिलं."

यात सगळा दोष स्वभावाचा नव्हता. थोडा नोकरीचाही होता.

कारखाना बॉयलरचा. बॉयलरवर एक पितळी व्हॉल्व्ह बसतो. आत वाफेचा दाब वाढला की तो आपणहून उघडतो, जादा वाफ बाहेर सोडतो आणि आजूबाजूची माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जातात. तो उघडला नाही तर जात नाहीत. हे व्हॉल्व्ह एका नावाजलेल्या कंपनीकडून येत, आणि नावाजलेली कंपनी म्हटलं की तिच्या मालाची नक्कल आलीच. तोच रंग, तीच पेटी, अंगावर तेच नाव. ही नक्कल पकडायची, हे सातनंबरांचं काम.

तपासणीची खोली लांबट होती. एका बाजूला भली मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर हिरवं जाड कापड, आणि त्यावर रांगेने मांडलेले व्हॉल्व्ह. प्रत्येक तपासनिसाला बोटाएवढा पोलादी पंच दिलेला. त्याच्या टोकाला बारीक वर्तुळ आणि वर्तुळात त्याचा आकडा. माल पसंत पडला की पंच टेकवायचा आणि छोट्या हातोडीने एक ठोका. आधी भिंग, मग माप, मग नाव, आणि सगळ्यात शेवटी ठोका. सव्वीस वर्षांत या माणसाने असे किती ठोके मारले असतील देव जाणे. त्यातला एकही व्हॉल्व्ह कधी दगा देऊन गेला नव्हता, आणि हे ते कोणाला सांगत नसत. सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांना माहीत होतं.

एकदा एक एजंट काकुळतीला आला होता. "साहेब, माप तर बरोबर आहे ना? केसाचा फरक नाही."

"नाव खोटं असेल तर माप काय चाटायचंय?" सातनंबर म्हणाले, आणि लाल चिठ्ठी बांधून पेटी बाजूला सरकवली. नापास मालाला लाल चिठ्ठी लागे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो सगळा माल प्रेसखाली चिरडायचा, म्हणजे परत बाजारात जायला नको.

त्यांनीच एक नियम लिहून वरून मंजूर करून घेतला होता. नकली वस्तूवर ज्याचा ठोका सापडेल, त्याचा पंच त्याच्या डोळ्यांदेखत प्रेसखाली जाईल. पंच गेला की माणूस तपासनीस राहिला नाही. म्हणून बाकीचे आपले पंच कपाटात ठेवून घरी जात, आणि सातनंबर आपला पंच खिशात घालून घरी नेत. आपल्या माघारी कोणी आपल्या आकड्याने ठोकलं तर? कोणाचा भरवसा द्यावा?

तो नियम आजवर एकदाच वापरला गेला होता. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर बारा नंबरचा तपासनीस बसायचा. वयाने लहान, हाताचा चपळ, जरा बोलघेवडा. एक दिवस सातनंबरांनी सवयीप्रमाणे त्याची तपासलेली पेटी पुन्हा उघडून पाहिली. त्यात एक व्हॉल्व्ह नकली निघाला, आणि त्याच्या अंगावर बारा आकडा स्वच्छ उमटलेला. सातनंबर तो हातात धरून सगळ्या खोलीसमोर उभे राहिले आणि त्यांनी एकच विचारलं, "किती घेतलेस?" पंच चिरडला गेला. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात सातनंबरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'व्यवहार संशयास्पद'. पुरावा काही नव्हता, म्हणून नोकरी राहिली. त्याला स्टोअरमध्ये कारकून केलं. लोक त्याला अजूनही बारानंबरच म्हणत. आधी टोचून म्हणायचे, पुढे टोचणं गेलं आणि नाव तेवढं उरलं. बोलघेवडेपणाही गेला.

तर अशा या माणसाने नकली घड्याळ घेतलं.

त्याचं मूळ मेहुण्यात होतं. मेहुण्याचा धंदा तेजीत होता आणि तो वाढदिवसाच्या जेवणाला मनगटावर एक घड्याळ घालून आला. काळी तबकडी, जाड पोलादी पट्टा, आणि राजेरजवाडेही किंमत ऐकून घाम पुसतील अशा कंपनीचं नाव. तो हात मुद्दाम पाण्याच्या तांब्याकडे चारदा गेला. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही जन्मभर खरं-खोटं पारखत आलात. बघा बरं हे."

सातनंबरांनी भिंग काढलं. ताट बाजूला सारलं. मनातून त्यांना पक्की खात्री होती की हे नकली असणार, आणि आता सगळ्यांसमोर ते कसं सांगावं एवढाच प्रश्न होता. त्यांनी अक्षरांच्या कडा पाहिल्या. सेकंदाचा काटा पाहिला, तो टकटक न करता तेल ओतल्यासारखा सरकत होता. पट्ट्याच्या कड्या वाकवून पाहिल्या. वरण निवलं, तरी माणूस मान वर करीना. शेवटी भिंग मिटून ते म्हणाले, "आहे. खरं आहे."

"मग! मला काय फसवतात का कोण?" मेहुणा म्हणाला.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "भावाचं चांगलं झालेलं बघून तोंड एवढंसं का झालं तुमचं?"

"तोंड ठीक आहे माझं."

ठीक नव्हतं. त्यांना मत्सर वाटला होता, अगदी साधा, जळजळीत मत्सर. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू हातात घेऊन खऱ्या म्हणायच्या आणि परत द्यायच्या. स्वतःच्या मनगटावर मात्र कारखान्याने पंचवीस वर्षं झाल्याबद्दल दिलेलं घड्याळ, तेही दिवसाला चार मिनिटं मागे. पण मत्सर म्हणणार कसं? म्हणून त्यांनी स्वतःला सांगितलं की नकली घड्याळं कशी असतात याचा अभ्यास करायला हवा.

अभ्यासासाठी ते बाजारातल्या बॅगांच्या एका दुकानात गेले. खाली बॅगा, आणि ओळख पटली की वरच्या माळ्यावर घड्याळं. माळ्यावर पंखा नव्हता. विकणाऱ्याने ट्रेमधून एक घड्याळ काढून दिलं. सातनंबरांनी भिंग लावलं आणि परत दिलं. "तारखेची खिडकी वाकडी आहे." दुसरं दिलं. "अक्षरं फुगलीत." तिसऱ्याची किल्ली सैल निघाली, चौथ्याचा पट्टा केस ओढणारा. विकणारा घामाघूम झाला. "काका, माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक लांबून बरं दिसतंय ना एवढंच बघतं. खोट्यात इतकं खरं शोधणारा माणूस आजवर नाही बघितला मी."

पाचवं घड्याळ सातनंबरांनी बराच वेळ धरून ठेवलं. काटा सरकत होता. कडा धारदार होत्या. वजन भरदार होतं. कोणी बनवलं होतं कोण जाणे, पण ज्याने बनवलं त्याला हात होता. "हे बांधून द्या," ते म्हणाले, आणि जिना उतरताना खाली कोणी ओळखीचं तर नाही ना म्हणून आधी वाकून पाहिलं.

पुढची गोष्ट घडायला तीन मिनिटं लागली असतील. रविवारची सकाळ होती, बायको शेजारी गेलेली. सातनंबरांनी घड्याळ घरच्या टेबलावर घेतलं, घरीच घासून केलेल्या किल्लीने मागचं झाकण उघडलं, आतली चाकं भिंगातून पाहिली, एक पितळेचा कण फुंकरीने उडवला. छान चाललं होतं. त्यांना मनापासून बरं वाटलं. झाकण बाजूच्या लोखंडी पाटीवर उताणं पडलं होतं. डावा हात खिशातल्या पंचाकडे गेला, उजव्याने हातोडी उचलली, आणि खोलीत एक ठोका वाजला.

त्यांनी खाली पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, बारीक वर्तुळात, सात.

नाव पाहायचं राहून गेलं, असंही नव्हतं. नाव खोटं आहे हे माळ्यावर चढण्याआधीपासून माहीत होतं. पण भिंग झालं, माप झालं, जीव खूश झाला, आणि हात सव्वीस वर्षं जे करत आला तेच त्याने केलं. त्यांनी खूण घासायला कानस काढली. घासलं तर झाकण पातळ होणार, मग पाणी शिरणार. शेवटी त्यांनी झाकण बंद केलं. आतली गोष्ट, बघतंय कोण?

बायको परत आली तेव्हा घड्याळ मनगटावर होतं. "हे काय? खरं आहे?"

"तपासलेलं आहे," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

घातल्यापासून त्यांना सुख लागेना. कोणी मनगटाकडे पाहिलं की वाटायचं, ओळखलं याने. कोणी पाहिलं नाही की वाटायचं, ओळखलं म्हणूनच बघत नाही. ते बाही खाली ओढायचे आणि मग बाही वर गेली की नाही हे बघायचे. तरी काढवतही नव्हतं. दुपारच्या उन्हात खिडकीखाली ते पट्ट्यावरची चमक न्याहाळत, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा पाहिला असता तर सासूबाईंनी सगळं माफ केलं असतं.

मग व्हॉल्व्ह पुरवणाऱ्यांचा नवा एजंट आला. त्याची नजर मनगटावर टेकली, आणि तो असं हसला की जणू जुनी ओळख निघाली. जाताना टेबलावर एक पाकीट ठेवून म्हणाला, "तुमच्यासारख्यांना काय आवडतं, कळतं आम्हाला." सातनंबरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाकीट त्यांनी त्याच्या अंगावर फेकलं आणि त्याला दाराबाहेर काढला. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. मला आजवर कोणी पाकीट दाखवलं नव्हतं. याला हिंमत कुठून आली?

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"बसा. हे घड्याळ कुठलं?"

"बाजारातून घेतलं."

"याची किंमत मला माहीत आहे. तुमचा पगारही मलाच माहीत आहे. त्यात या महिन्यात नव्या पुरवठादाराच्या तीन पेट्या तुम्ही पास केल्यात." साहेब वाईट माणूस नव्हते. ते टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. "मला विचारणं भाग आहे. किती घेतलेत?"

सव्वीस वर्षं काडीचाही डाग नव्हता, आणि आता हा प्रश्न. "साहेब, नकली आहे हे."

साहेब हसले. "निदान बहाणा तरी बरा शोधा. तुम्ही? नकली घेणार? दुधाला भिंग लावणारा माणूस तुम्ही!"

"देवाशपथ नकली आहे. हे भिंग घ्या, अक्षराची कड बघा."

"मला त्यातलं काय कळणार? आणि तुमच्या डोळ्यांवर विसंबून राहायचं, तर आरोप तुमच्यावर आणि साक्षही तुमचीच. चौकातल्या घड्याळजीकडे जा आज. उघडून बघू देत त्याला. सोबत स्टोअरमधून बारानंबरला पाठवतो, त्यालाही जुनी माहिती आहे. तो येऊन सांगेल मला."

लाच घेतली नाही हे सिद्ध करायला झाकण उघडायला हवं. आणि झाकण उघडलं की आत सात. ते बघणारा तरी कोण, तर तो ठोका लांबूनही ओळखील असा माणूस, ज्याला त्यांनी स्वतः उठवून स्टोअरमध्ये बसवलं होतं.

रस्त्याने दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालले. सातनंबरांना खात्री वाटू लागली की हा सगळा डाव याचाच. साहेबांचे कान यानेच भरले असणार. नऊ वर्षं वाट बघितली आणि बरोबर गाठलं. त्यांनी तिरप्या नजरेने पाहिलं. बारानंबर आपला रस्त्यातला खड्डा चुकवत होता.

घड्याळजी म्हातारा होता, दुकान टपरीएवढं. त्याने घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, झाकण फिरवून काढलं आणि पाहताक्षणी म्हणाला, "नकली. आतलं यंत्र दुसऱ्याच कंपनीचं, स्वस्तातलं. पण काम सुरेख हं." सातनंबरांच्या जिवात जीव आला, तोच म्हातारा झाकण उजेडात धरून थबकला. "हा आकडा कसला? कंपनीचा नाही हा. कोणीतरी मागून मारलाय."

"बघू," बारानंबर म्हणाला.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. सातनंबरांनी त्या वेळी दुकानातली सगळी घड्याळं ऐकली. प्रत्येक वेगळ्या वेळेला टकटकत होतं. बारानंबर बघतच राहिला, एवढ्याशा खुणेला लागतो त्याहून फार जास्त वेळ. मग त्याने झाकण परत दिलं.

"दुरुस्तीवाल्याची खूण असेल," तो म्हणाला. "करतात ना तुमच्यात, उघडलेल्या घड्याळात आकडा टाकतात."

"हो, करतात," घड्याळजी म्हणाला, आणि झाकण बसवलं.

साहेबांना त्याने तेवढंच सांगितलं, नकली आहे. साहेब इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत कारखानाभर झालं. सातनंबर आणि नकली! कोणी येता-जाता किती वाजले विचारी, कोणी म्हणे आम्हालाही दुकान दाखवा. ते सातनंबरांनी नाक मुठीत धरून सोसलं. त्याचं त्यांना फारसं लागलंही नाही. झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने.

हा गप्प का राहिला?

फुकट कोणी गप्प राहत नाही. याला काहीतरी हवं असणार. आज नाही तर सहा महिन्यांनी येईल, एखादी पेटी पुढे सरकवील आणि म्हणेल, करा हो डोळेझाक. की साहेबांकडे जाण्याआधी नेम धरतोय? सातनंबर दिवसातून तीनदा स्टोअरमध्ये जाऊ लागले. गरज नसताना तेल मागायचे, चिठ्ठ्या मागायचे आणि त्याचा चेहरा न्याहाळायचे. बारानंबर मागितलेली वस्तू द्यायचा, सही घ्यायचा. ताकास तूर लागू देईना. एकदा ते न राहवून म्हणाले, "तुला काय हवंय, एकदाचं बोल."

"मला? काही नाही," तो म्हणाला. "तुम्हाला तेल हवं होतं ना?"

घरी चौथ्या दिवशी जेवणही जाईना, तेव्हा त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ठोक्यासकट. तिने हसायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"तुमचा हात आपला आपण गेला, ना?" तिने विचारलं.

"हो ग. शप्पथ."

"मग त्याचा कसा गेला होता?"

"कोणाचा?"

"त्या बाराचा. विचारलं होतंत कधी?"

"विचारलं होतं," ते म्हणाले. आणि काय विचारलं होतं ते त्यांना आठवलं. शब्दही तेच होते. साहेबांनी त्यांना विचारलेले तेच, फक्त 'घेतलेत'च्या जागी 'घेतलेस'. साहेबांनी निदान दार तरी लावून घेतलं होतं.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर बारानंबरने लाल चिठ्ठीचा माल ढकलगाडीवर घालून प्रेसच्या खोलीत आणला. नियमाप्रमाणे एक स्टोअरचा, एक तपासणीचा, असे दोघंच तिथे असत. एकेक व्हॉल्व्ह खाली ठेवायचा, दांडा ओढायचा, पितळेची चपाती झाली की नोंदवहीत लिहायचं. शेवटचा व्हॉल्व्ह संपल्यावर सातनंबरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि प्रेसखाली ठेवलं. त्याच्यावर खिशातला पंच ठेवला.

बारानंबर दांड्यावरचा हात काढून म्हणाला, "हे काय? कोणी सांगितलंय तुम्हाला?"

"नियम आहे."

"कोणाला माहीत आहे त्यातलं? मी बोललोय का कोणाला?"

"तुला माहीत आहे. मला माहीत आहे. ओढ."

"नाही ओढणार."

सातनंबरांनी स्वतः दांडा ओढला. घड्याळ चटकन गेलं, काचेचा बारीक आवाज झाला. पंच पोलादी, त्याला वेळ लागला. मग तोही मधोमध मोडला. सव्वीस वर्षं जो उशाखाली घेऊन झोपले तो पोलादाचा तुकडा दोन ठिकाणी पडलेला पाहून त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग ते वळले.

"त्या दिवशी तो व्हॉल्व्ह पास कसा झाला तुझ्याकडून?"

बारानंबर गाडीला टेकून उभा राहिला. "नऊ वर्षांनी विचारताय."

"हो. उशीर झाला."

"भिंग लावलं. माप घेतलं. माप इतकं सुरेख होतं की..." त्याने हात हवेत उचलला आणि खाली टाकला. "ठोका मारला आणि मग नाव वाचलं. हात पुढे गेला हो. जेवणाची घंटा झाली होती. परत आलो की तुम्हाला येऊन सांगणार होतो. आलो तर तुम्ही तो हातात धरून उभे."

"तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत, किती घेतलेस. शून्य म्हणालो असतो तर खरं मानलं असतंत?"

सातनंबरांनी नाही अशी मान हलवली. नसतं मानलं.

"माझा बाप अंथरुणाला खिळला होता शेवटची दोन वर्षं," बारानंबर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "त्याच्या कानावर गेलं होतं. रोज औषध द्यायला गेलो की हात धरायचा. म्हणायचा, मी आता जाणार, मला तरी खरं सांग, किती घेतलेस? जाईपर्यंत विचारत होता. तुम्ही एकदा विचारलंत, त्याने रोज विचारलं."

प्रेसच्या पंपातून तेल ठिबकत होतं. सातनंबरांनी माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण ते कोणाला पुरणार होतं? ते कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेले आणि जुन्या नोंदवह्या खाली काढू लागले. तिसऱ्या वहीत ते पान सापडलं. कारणाच्या रकान्यात त्यांचंच अक्षर, वळणदार, ठाम, 'व्यवहार संशयास्पद'. त्यांनी त्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'हात पुढे गेला. काही घेतलेलं नाही. मी न विचारता लिहिलं होतं.' खाली पूर्ण नावाने सही केली, तारीख घातली. सहीखाली तपासनिसाच्या आकड्याची चौकट होती, ती रिकामी सोडली. मग आजच्या पानावर पंच सात लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात पहिले तीन शब्द पुन्हा उतरवले.

"सोमवारी साहेबांना दोन्ही पानं दाखवतो," ते म्हणाले. "मला स्टोअरला टाकतील. तुझ्या हाताखाली."

बारानंबरने वही आपल्याकडे ओढली आणि जुनं पान वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. बरं झालं म्हणाला नाही, की असू द्या म्हणाला नाही. त्याने हात पुढे केला.

"भिंग द्या जरा."

सातनंबरांनी खिशातून भिंग काढून दिलं. बारानंबर वही घेऊन खिडकीशी गेला, उजेडाकडे पाठ केली आणि सही तपासू लागला.